चाळीस संगणकांचं ऑफिस आणि विजेचा खरा हिशेब

डेस्कटॉपच्या एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायवर, 450 वॉट छापलेलं असतं. चाळीस डेस्कटॉप म्हणजे 18 किलोवॉट, असा गुणाकार कोटेशनमध्ये सर्रास दिसतो. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय, प्रत्येकी 750 वॉट, असे दोन सर्व्हर, म्हणजे आणखी 3 किलोवॉट. पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारे) आणि बाकी सटरफटर 1 किलोवॉट. बेरीज 22 किलोवॉट. त्यावर यूपीएस, केबल, एसी आणि महावितरणकडचा मंजूर लोड असं सगळं ठरतं. याच उपकरणांचा प्रत्यक्षातला वापर 8 किलोवॉटच्या आत असतो.

याच्या उलट चूकही तितकीच होते. कुणीतरी एक संगणक मोजतो, 130 वॉट येतात, त्याला 230 ने भागून अर्धा अँपिअर काढतो आणि एका सर्किटवर वीस संगणक चढवतो. मग सकाळी नऊला आरसीसीबी (अर्थमध्ये करंट गळला की वीज तोडणारा स्विच) उडतो आणि कारण कुणालाच सापडत नाही. आयटी लोडमध्ये वॉट हा हिशेबाचा सगळ्यात सोपा भाग असतो. करंट किती, त्याचा आकार कसा, आणि बिघाड झाल्यावर तो कुठून वाहणार, ही खरी मेहनत आहे.

उदाहरणाला पुण्यातलं भाड्याच्या जागेतलं चाळीस आसनांचं ऑफिस घेऊ. थ्री फेज मीटर, एक छोटी रॅकरूम, ऑनलाइन यूपीएस.

पहिली पायरी मोजणीची. 450 वॉट ही एसएमपीएसची आतल्या बाजूला द्यायची कमाल क्षमता आहे, तो भिंतीतून ओढतो तो आकडा नव्हे. साध्या ऑफिसकामाचा डेस्कटॉप आणि एलईडी मॉनिटर मिळून 100 ते 135 वॉटच्या आसपास राहतात. प्लगमध्ये लावायचा एनर्जी मीटर घ्या आणि ऑफिसमधल्या सगळ्यात जड कामाच्या दोन-तीन संगणकांवर पंधरा-पंधरा मिनिटं लावून ठेवा. विंडोज अपडेट आणि अँटिव्हायरस स्कॅन चालू असताना वॉट आणि पॉवर फॅक्टर (वॉट भागिले व्होल्ट-अँपिअर, म्हणजे व्हीए) दोन्ही टिपा. वाढीला जागा ठेवून मी दर आसनाला 150 वॉट धरतो. ग्राफिक्स कार्डवाली मशीन असतील तर ती वेगळी मोजायची, सरासरीत मिसळायची नाहीत.

क्लॅम्प मीटर वापरणार असाल तर तो ट्रू आरएमएसच हवा. स्वस्त क्लॅम्प मीटर साइन वेव्ह गृहीत धरून सरासरीवरून आकडा दाखवतो. संगणकाचा करंट साइन वेव्ह नसतो, व्होल्टेजच्या शिखराशी तो टोकदार उसळ्या घेतो. असा करंट साधा मीटर तीस-चाळीस टक्के कमी दाखवू शकतो, आणि चूक नेमकी धोक्याच्या बाजूला होते.

आता पॉवर फॅक्टर. पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्या चांगल्या एसएमपीएसचा 0.95 किंवा वरच असतो. असेंबल केलेल्या मशीनमधल्या स्वस्त एसएमपीएसमध्ये पीएफसी नसतो, तिथे 0.6 ते 0.65 मिळतो. 150 भागिले 0.65 म्हणजे 231 व्हीए, म्हणजे 230 व्होल्टला बरोबर 1 अँपिअर. चाळीस आसनांचे 6 किलोवॉट, पण 9.2 केव्हीए. इथे कपॅसिटर लावून काही साधत नाही, कारण पॉवर फॅक्टर खराब आहे तो हार्मोनिक्समुळे, म्हणजे टोकदार करंटमध्ये मिसळलेल्या 50 हर्ट्झच्या पटीतल्या लहरींमुळे. उलट हार्मोनिक्समुळे कपॅसिटरच तापतात.

घराच्या सॉकेटला जसा डायव्हर्सिटी फॅक्टर (सगळं एकदम चालत नाही म्हणून दिलेली सूट) लावतो तसा इथे लावायचा नाही. सगळे संगणक एकाच वेळी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू असतात. फॅक्टर 1. सूट द्यायचीच तर पँट्रीतल्या केटलला आणि प्रिंटरला द्या.

मग एका सर्किटवर किती संगणक? इथे तीन मर्यादा एकमेकींशी भांडतात, आणि करंटची मर्यादा त्यात सगळ्यात ढिली असते.

पहिली मर्यादा गळतीची. प्रत्येक एसएमपीएसमध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांच्यातून थोडा करंट कायम अर्थमध्ये जातो. अशा उपकरणाला 3.5 मिलिअँपिअरपर्यंत मुभा आहे, प्रत्यक्षात बहुतेक संगणकांचा अर्धा ते दीड येतो. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी 15 आणि 30 च्या मध्ये कुठेही उडू शकतो. आयईसी 60364 हे आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की नेहमीची गळती आरसीसीबीच्या रेटिंगच्या 30 टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे 9 मिलिअँपिअर. दर संगणकाला 1 धरला तर आठ, फार तर नऊ. वीस संगणक एका आरसीसीबीवर असतील तर तो कायम काठावरच उभा असतो. पावसाळ्यात ओल वाढली किंवा एखादा चार्जर लावला की उडतो, आणि मग वैतागून कुणीतरी तो बायपास करतो. तसं करू नका, सर्किट वाढवा. आरसीसीबी ए टाइपचा घ्या. एसी टाइप अशा तुटक करंटच्या दोषाला नीट ओळखेलच याची खात्री नसते.

दुसरी मर्यादा चालू होतानाच्या उसळीची. थंड एसएमपीएस चालू होताना काही मिलिसेकंद 30 ते 60 अँपिअर ओढतो. वीज गेली, आली, आणि सगळे स्विच चालूच राहिले असतील तर आठही संगणक एकाच क्षणी ओढतात. सी कर्व्हचा 16 अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) 80 ते 160 अँपिअरच्या पट्ट्यात तत्काळ उडतो, बी कर्व्हचा 48 ते 80 मध्येच. म्हणून इथे सी कर्व्ह घ्यायचा. तरीही दहा-बारा संगणक एका एमसीबीवर असले की चालताना 12 अँपिअर आणि चालू होताना ट्रिप, असा प्रकार होतो.

तिसरी मर्यादा वायरची. एका सर्किटवर आठ संगणक, 8 अँपिअर, 16 चा एमसीबी, अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर. कागदावर उत्तम दिसतं. कंड्युटमधल्या अडीचच्या पीव्हीसी वायरला 24 अँपिअर चालतात, पण ते 30 अंश तापमानाला आणि कंड्युटमध्ये एकच सर्किट असताना. फॉल्स सीलिंगच्या वर 40 अंश धरा, गुणक 0.87. आणि वायरमनने पाइप वाचवायला तीन सर्किटं एकाच कंड्युटमधून ओढली, गुणक 0.70. 24 गुणिले 0.87 गुणिले 0.70 म्हणजे 14.6 अँपिअर. आता 16 चा एमसीबी त्या वायरचं संरक्षण करत नाही. नियम साधा आहे: लोडचा करंट एमसीबीपेक्षा कमी आणि एमसीबी वायरच्या प्रत्यक्ष क्षमतेपेक्षा कमी. चारची वायर घेतली तर 32 वरून 19.5 उरतात, म्हणजे बसतं. किंवा प्रत्येक सर्किटला वेगळा कंड्युट द्या आणि अडीचचीच ठेवा. मला चारची आवडते, कारण तीस मीटरच्या अंतरावर व्होल्टेजची घटही कमी होते. 12 अँपिअरला अडीचच्या वायरमध्ये साधारण साडेसहा व्होल्ट जातात, चारच्या वायरमध्ये चार. आयएस 732 या भारतीय मानकाप्रमाणे दिव्यांना 3 आणि इतर वापराला 5 टक्क्यांच्या आत राहायचं असतं. त्यात मीटरपासून डीबीपर्यंतची (एमसीबीच्या पेटीपर्यंतची) घटही धरलेली असते हे विसरू नका.

तर चाळीस आसनांना पाच सर्किटं, दर सर्किटला आठ. स्पाइक बस्टरमध्ये स्पाइक बस्टर खोचून आसनं वाढवायची नाहीत. वाढवायचीच असतील तर सहावं सर्किट.

इथे एक गैरसमज. “एमसीबी 80 टक्क्यांवरच चालवायचा” हा नियम आपल्याकडच्या आयटी मंडळींच्या तोंडी असतो. तो अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमधून आला आहे. तिथे तीन तास किंवा जास्त चालणारा लोड 125 टक्के धरतात, आणि आयटी रूमसाठीच्या कलम 645 मध्येही पुरवठ्याची वायर जोडलेल्या लोडच्या 125 टक्क्यांची मागितली आहे. तिकडे काम करणाऱ्यांनी तो पाळायचाच आहे. आपली पद्धत आयईसीची. आयएस 732 आणि 2023 मध्ये छापून आलेला आपल्या राष्ट्रीय विद्युत संहितेचा ग्रंथ, एसपी 30, याच वळणाचे आहेत. इथे सरसकट 80 टक्के नाही, पण तापमान आणि गर्दी यांचे गुणक आहेत. एमसीबीचं रेटिंग 30 अंशांना दिलेलं असतं. बंद डीबीत शेजारी शेजारी आठ एमसीबी सतत चालत असले की आतलं तापमान 45 च्या पुढे सहज जातं. त्यामुळे आपल्या उकाड्यात प्रामाणिकपणे हिशेब केला तर आकडा 80 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखालीच येतो. फक्त कारण माहीत हवं.

रॅकचा हिशेब थोडक्यात. दोन सर्व्हर मोजून 350 वॉटच्या आत प्रत्येकी, म्हणजे 700. दोन पीओई स्विचना स्वतःचे 100 वॉट. त्यावर सोळा कॅमेरे आणि चार वायफाय मिळून 208 वॉट, स्विचच्या आतली घट धरून 245. पीओईचा भार विसरणं ही ठरलेली चूक आहे: कॅमेरा गेटवर असतो, पण त्याची वीज रॅकमधूनच जाते. एनव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर), फायरवॉल, मोडेम 150. एकूण 1.2 किलोवॉट. दीडपट वाढ धरून 1.8 किलोवॉट, 1.9 केव्हीए. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय आहेत म्हणून लोड दुप्पट होत नाही, दोघांत वाटला जातो. मात्र एक बाजू गेली की दुसरीवर सगळा येतो, म्हणून दोन्ही पीडीयू (रॅकमधल्या सॉकेटच्या पट्ट्या) पूर्ण भाराच्याच घ्यायच्या आणि रोजच्या वापरात प्रत्येकीवर 40 टक्क्यांपेक्षा जास्त नको.

यूपीएस: 9.2 आणि 1.9, मिळून 11.1 केव्हीए, 7.8 किलोवॉट. 15 केव्हीएचं ऑनलाइन यूपीएस, म्हणजे 74 टक्के भार. लेझर प्रिंटर यूपीएसवर अजिबात नको. त्याचा फ्यूजर (कागद तापवणारा भाग) दर काही सेकंदांनी किलोवॉटभर झटका देतो.

यूपीएसच्या इनपुटचा हिशेब करताना बॅटरी चार्जिंग विसरलं जातं. 65 अँपिअर-अवरच्या वीस बॅटऱ्या 6.5 अँपिअरने चार्ज होत असतील तर 270 व्होल्टला 1.75 किलोवॉट, यूपीएसची घट धरून 1.9. लोडचे 7.8 भागिले 0.93 म्हणजे 8.4. एकूण 10.3 किलोवॉट. “चार तास बॅकअप हवा” म्हणून 150 अँपिअर-अवरच्या ट्युब्युलर बॅटऱ्या लावल्या तर चार्जरच 4 किलोवॉटच्या पुढे जातो, म्हणजे लोडच्या निम्मा. वीज परत आल्यावर पहिले काही तास मेन एमसीबी तापतो तो यामुळे. आणि जनरेटर असेल तर चार्जिंग करंट यूपीएसच्या सेटिंगमधून कमी करून ठेवा.

आता या सगळ्या हिशेबातला सगळ्यात महाग सापळा. 15 केव्हीएचं यूपीएस बाजारात बऱ्याचदा थ्री फेज इनपुट, सिंगल फेज आउटपुट असं मिळतं. नेहमीच्या चालीत 10.3 किलोवॉट तीन फेजवर वाटले जातात, दर फेजला 15 अँपिअर. वायरमन 32 अँपिअरचा फोर पोल एमसीबी आणि सहाची केबल लावतो, आणि वर्षभर सगळं छान चालतं. मग एके दिवशी यूपीएसमध्ये बिघाड होतो आणि ते बायपासवर जातं. बायपास म्हणजे इनपुटच्या एकाच फेजवरून, बहुधा आर फेजवरून, थेट लोडला. 11.1 केव्हीए भागिले 230, म्हणजे 48 अँपिअर, एका फेजवर आणि न्यूट्रलवर. 32 चा एमसीबी काही मिनिटांत पडतो. ज्या क्षणासाठी बायपास ठेवला, त्याच क्षणी ऑफिस अंधारात. यूपीएस पूर्ण क्षमतेला गेलं तर हा आकडा 65 होतो. म्हणून बायपासला वेगळी वाट द्यायची तर 80 अँपिअर आणि 25 स्क्वेअर एमएम तांबं.

तेवढ्याने भागत नाही, कारण मेनचा हिशेब पाहा. दीड टनाचे आठ एसी, प्रत्येकी 1.6, म्हणजे 12.8 किलोवॉट. दिवे 1.5. प्रिंटर आणि पँट्री मिळून सूट देऊन 3. यूपीएसचे 10.3. एकूण 27.6 किलोवॉट, साधारण 29 केव्हीए, दर फेजला 42 अँपिअर. मेन 63 चा. आता यूपीएस बायपासवर: आर फेजवर एसी-दिव्यांचे 26 आणि यूपीएसचे 48, म्हणजे 74. मेनच जातो. एक तर आर फेजवरचे एसी काढून वाय आणि बी वर न्या, नाहीतर थ्री फेज आउटपुटचं यूपीएस घ्या. मी दुसरं सुचवीन. बायपासवर मग दर फेजला 16 अँपिअरच येतात.

त्याचीही किंमत आहेच. थ्री फेज आउटपुट झालं की तिसऱ्या हार्मोनिकचा प्रश्न न्यूट्रलवर येतो. साधे लोड तिन्ही फेजवर सारखे असले की न्यूट्रलमध्ये ते एकमेकांना रद्द करतात. तिसरा हार्मोनिक रद्द होत नाही, तिन्ही फेजचा मिळून बेरीज होतो. पीएफसी नसलेल्या संगणकात तो मूळ, म्हणजे फक्त 50 हर्ट्झच्या, करंटच्या 70-80 टक्के असतो. दर फेजला तेरा संगणक, सगळ्या लहरी मिळून 13 अँपिअर, त्यातला तिसरा हार्मोनिक साधारण साडेसहा. न्यूट्रलमध्ये तिप्पट, म्हणजे जवळपास 20 अँपिअर. फेजपेक्षा दीडपट, आणि न्यूट्रलवर बहुधा एमसीबीचं संरक्षण नसतं. म्हणून इथे केबलची जाडी न्यूट्रलच्या करंटवरून ठरवा. साडेतीन कोअर केबल, जी आपल्याकडे सवयीने मागवली जाते, ती इथे चालणार नाही. 25 च्या साडेतीन कोअरमध्ये न्यूट्रल 16 चा असतो. चार कोअर मागवा आणि पुरवठादाराला ते लिहून द्या. डीबीतला न्यूट्रल लिंक फेजइतकाच जाड, लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) नीट क्रिम्प केलेला, आणि सहा महिन्यांनी स्क्रू पुन्हा आवळायचे. न्यूट्रल सैल झाला की हलक्या फेजवर 230 ऐवजी साडेतीनशे व्होल्टसुद्धा येऊ शकतात, आणि त्या रांगेतले एसएमपीएस एकदम जातात.

दुसरी किंमत बॅटरीवरच्या शॉर्ट सर्किटची. 15 केव्हीए थ्री फेज यूपीएसचा दर फेजचा करंट 22 अँपिअर. इन्व्हर्टरने क्षणभर तिप्पट दिला तरी 65. सी 16 ला खात्रीने उडायला 160 लागतात. म्हणजे बॅटरीवर असताना एका टेबलावर शॉर्ट झाला तर एमसीबी शांत राहतो आणि यूपीएस स्वतः बंद होतं. म्हणून सर्व्हरचा एक पॉवर सप्लाय या यूपीएसवर आणि दुसरा 3 केव्हीएच्या वेगळ्या छोट्या यूपीएसवर ठेवा.

मंजूर लोड 30 किलोवॉट मागा. वाणिज्यिक दरात 20 किलोवॉटच्या पुढे महावितरण स्थिर आकार केव्हीएवर लावतं, त्यामुळे लेबलांची बेरीज करून 45 मागितले तर न वापरलेल्या क्षमतेचे पैसे दर महिन्याला जाऊ शकतात. अर्जासोबतचा टेस्ट रिपोर्ट लायसन्सधारक ठेकेदाराकडूनच लागतो. त्याला हा सगळा हिशेब कागदावर द्या, तोंडी नको.

अर्थिंगबद्दल एकच गोष्ट, पण जिवाची. “सर्व्हरला वेगळा क्लीन अर्थ हवा” म्हणून मागे एक खड्डा घेतात आणि तो इमारतीच्या अर्थला जोडत नाहीत. त्या खड्ड्याचा रोध 3 ओहम असेल तर फेज बॉडीला लागल्यावर फार तर 77 अँपिअर वाहतील, आणि सी 16 ला लागतात 160. बॉडीवर व्होल्टेज, एमसीबी चालूच. हवा तर खड्डा घ्या, पण तो मुख्य अर्थ बसबारला जोडलेलाच हवा. न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज जास्त येतंय ही तक्रार बहुतेक वेळा बारीक न्यूट्रलची असते, खड्ड्याची नव्हे. सगळे संगणक चालू करून मोजा, मग बंद करून मोजा. फरक दिसला तर न्यूट्रल जाड करा.

काम हातात घेण्याआधी एक चाचणी ठेकेदारासमोर करून घ्या, शनिवारी दुपारी, सगळे संगणक चालू ठेवून. यूपीएस हाताने बायपासवर टाका आणि अर्धा तास तसंच राहू द्या. ट्रू आरएमएस क्लॅम्पने आर, वाय, बी आणि न्यूट्रल असे चार आकडे मेन डीबीत आणि चार यूपीएसच्या आउटपुट डीबीत घ्या. शेवटी प्रत्येक एमसीबीच्या टर्मिनलजवळ इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. शेजाऱ्यांपेक्षा एखादं टर्मिनल दहा-पंधरा अंशांनी गरम असेल तर तिथला स्क्रू सैल आहे किंवा लग खराब आहे. वीज बंद करून तो उघडून पाहा. आठही आकडे तारखेसह कागदावर लिहून डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, म्हणजे पुढच्या वर्षी आणखी सहा आसनं टाकायची वेळ येईल तेव्हा कुठल्या फेजवर टाकायची ते तिथेच दिसेल.